दगडाच्या घराला झोपडी म्हणायचं का?

धरमपेठवाली: शाळेच्या पोरांसाठी स्कारा ब्रेवर चार पानं लिहितेय. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथली सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती. १८५० च्या वादळानं किनाऱ्यावरची वाळू उडवली नि खालून घरं निघाली. मूळ मजकुरात 'हट' होतं, म्हणून मी 'दगडी झोपड्या' लिहून मोकळी झाले. आईनं वाचलं अन् विचारलं, "दगडाची झोपडी? मग गवत कुठं लावलं?" तिथंच अडले. शब्द सुचवा.

सक्करदऱ्याचे काका: आईचं बरोबर आहे, ताई. झोपडी म्हटली की कुडाच्या भिंती आल्या, गवताचं छप्पर आलं. तिथं झाडंच कमी, म्हणून फरशीसारखे सपाट निघणारे दगड रचले. पलंगही दगडाचे, मधे चूल, दारासमोर दगडाचंच फडताळ! अशा ओस जागेला आपल्याकडे रिठी म्हणतात. नागपूर जिल्ह्याच्या गावांची यादी काढून पाहा, किती नावांपुढे 'रिठी' लागलंय ते.

काटोल रोड: रिठी नको, काका. माणसं गेली तरी रिठीचं नाव महसुलात चालू असतं, शिवार कोणीतरी वाहतंच. त्यापेक्षा पांढरी जवळची. गावाची जागा पांढरी, शेताची काळी. पडलेल्या भिंती, राख, शेण मिसळून ती माती पांढुरकी होते. आमचे आजोबा बंडी भरभरून ती वावरात टाकायचे; खापरं निघायची, ती आम्ही पोरं वेचायचो. अन् गंमत म्हणजे स्कारा ब्रेची घरंही उकिरड्यातच रोवलेली आहेत. राख, शिंपले, हाडं यांचा जुना ढीग भिंतींना बाहेरून लागलेला, म्हणजे वारा अडला, ऊब राहिली. तिथं सरळ 'उकिरडा' लिहा. 'कचरा-निक्षेप' नका लिहू बाप्पा.

धरमपेठवाली: उकिरडा पक्का. पुढं मी 'आपल्या नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांसारखी घरं' असंही लिहिलंय. चालेल?

सक्करदऱ्याचे काका: अजिबात नाही! जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळं आहेत, पण ती मेलेल्यांची. त्यांत लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या, घोड्याचे लगाम सापडले. जिती माणसं राहायची पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडसारख्या जागी, माती-लाकडाच्या घरांत. गोल मांडलेले दगड दिसले की घर समजायचं नाही.

काटोल रोड: अन् 'जोती' पण लिहू नका. जोतं म्हटलं की पोरांना नुसता पाया दिसेल. तिथं भिंती उभ्या आहेत. दाराला आतून अडसर घालायची भोकंसुद्धा दिसतात. गेलं ते छप्पर.

धरमपेठवाली: मग 'बिनछपराची दगडी घरं' करते.

थोड्या वेळानं परत आले. आईला वाचून दाखवलं, तर म्हणते, "छप्पर तर महाल भागातल्या आपल्या वाड्याचंही पडलं होतं. तेव्हा कोणी बिनछपराचा वाडा म्हणलं का? घरंच म्हण."


'दगडी घरं' ठेवलंय.