माटुंग्यात एक दिवस: काय खावे, काय प्यावे आणि काय पाहावे?

प्रश्न – रानजाई

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझी आई साताऱ्याहून आठवडाभर आमच्याकडे ठाण्याला येणार आहे आणि त्यातील एक दिवस तिला माटुंग्याला न्यावे, असा माझा विचार आहे. तिचे वय 71 आहे. ती पूर्ण शाकाहारी आहे, चालायला तिची ना नाही, परंतु गुडघ्यांमुळे तिला जिने चढवत नाहीत आणि फार वेळ एका जागी उभे राहता येत नाही.

मी स्वतः माटुंग्याला एकदाच गेलो आणि ती भेट पार फसली. परळला काम होते, तेथून पश्चिम रेल्वेच्या गाडीने निघून मी ‘माटुंगा रोड’ला उतरलो आणि उडुप्यांची हॉटेले रुळांच्या दुसऱ्या बाजूला आहेत, हे मला बाहेर पडून दोन जणांना विचारल्यानंतर समजले. रविवारची दुपार होती. एका प्रसिद्ध हॉटेलाबाहेर पाऊण तास रांगेत उभा राहिलो, आत गेल्यावर इतका वेळ थांबल्याचे उट्टे काढावे तसे चार पदार्थ एकदम मागवले, आणि नंतर हालचाल करण्याची ताकद न उरल्यामुळे काहीही न पाहता परत आलो. आईच्या बाबतीत असे होऊ द्यायचे नाही. कोणत्या वारी जावे, कशानंतर काय करावे, बसण्याजोग्या जागा कोणत्या, आणि घरी नेण्यासाठी कॉफीची पूड कोठून घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 – तळमजला

आमचे कुटुंब तीन पिढ्या किंग्ज सर्कलजवळ राहत आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमची चूक हॉटेल निवडण्यात झाली नव्हती. एकाच हॉटेलात पोट भरण्याचे ठरवले, तेथे ती झाली. माटुंगा पूर्वेला चांगली खाण्याची ठिकाणे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की दोघांत एक बशी मागवावी, उठावे, दहा मिनिटे चालावे आणि पुढच्या ठिकाणी बसावे. आम्ही घरचे लोकसुद्धा पाहुण्यांना असेच फिरवतो.

ठाण्याहून धीम्या गाडीने थेट मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकात उतरा. जलद गाड्या येथे थांबत नाहीत. हे स्थानक आईंना मुद्दाम दाखवा, कारण 2017च्या जुलैपासून त्याचा सर्व कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे आहे. सर्व महिला कर्मचारी असलेले देशातील ते पहिले रेल्वे स्थानक ठरले आणि 2018च्या ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्स’ या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पूर्वेला बाहेर पडलात की रामाश्रय समोरच आहे. 1939 सालचे हे हॉटेल पहाटे पाच वाजता उघडते, आणि आठच्या आत पोहोचलात तर आठवड्यातील मधल्या वारी सहसा उभे राहावे लागत नाही. तेथे उपमा आणि अननसाचा शिरा घ्या. उपम्याची ख्याती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण आपल्या घरी उपमा म्हणजे घाईच्या सकाळची तडजोड असते. येथील उपमा मऊ, ओलसर आणि तुपाचा वास असलेला असतो, आणि चटणीशिवाय खाल्ला तरी घशाशी अडकत नाही.

त्यानंतर बाजाराच्या गल्ल्यांमध्ये शिरा. घाई करू नका, कारण आईंना सर्वांत जास्त रमवील तो हाच भाग, असे मला वाटते. केळफूल, कच्ची केळी, पडवळ, सुरण, केळीच्या पानांचे भारे, कढीपत्त्याच्या जुड्या, आणि त्यापलीकडे फुलवाल्यांची रांग आहे. फुलवाल्यांजवळ दोन मिनिटे थांबून त्यांचे हात पाहा. मोगऱ्याच्या कळ्या दोन-दोन करून समोरासमोर धरायच्या, दोऱ्याचा वेढा द्यायचा, गाठ आवळायची आणि पुढची जोडी घ्यायची, हे काम गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न पाहता चाललेले असते. हा गुंफलेला सर काही जण अजूनही हातावर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून देतात. तेथेच जवळ छेडा स्टोअर्समध्ये केळ्याचे वेफर्स मिळतात, आणि पूजेचे पितळी साहित्य पाहायचे असेल तर गिरी ट्रेडिंगचे दुकान आहे. मात्र तेथे आईंना मोकळे सोडलेत तर दुपार तेथेच होईल, हे लक्षात ठेवा.

बसण्यासाठी आस्तिक समाजाचे मंदिर उत्तम आहे. केरळमधील गुरुवायूरच्या प्रसिद्ध कृष्णमंदिरावरून लोक त्याला ‘कोचू गुरुवायूर’, म्हणजे छोटे गुरुवायूर म्हणतात. दक्षिणी पद्धतीची मंदिरे दुपारी बंद असतात, म्हणून सकाळीच जा.

दुपारच्या जेवणासाठी सर्व जण तुम्हाला रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग सुचवतील आणि ते योग्यच आहे. 1942पासून तेथे केळीच्या पानावर जेवण वाढले जाते. परंतु ते पहिल्या मजल्यावर आहे. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी तो बेत रद्द करीन आणि त्याऐवजी किंग्ज सर्कलला कॅफे मैसूरमध्ये जाईन. ते रामा नायक यांनीच 1936 साली सुरू केले होते.

प्रतिसाद 2 – अर्धी बशी

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टींची भर घालतो आणि एका बाबतीत वाद घालतो.

पहिली गोष्ट म्हणजे सोमवार टाळा. कॅफे मद्रास सोमवारी बंद असते, आणि तेथील रसम वडा व नाचणीचा डोसा चुकवू नये असे मला वाटते. रसम वडा मागवल्यावर तो लगेच खायला घेऊ नका. वडा वाटीत रसमाखाली दाबून दोन-तीन मिनिटे सोडून द्या. बाहेरचे कडक आवरण भिजून सैल झाले, पण मधला भाग अजून दाताला लागतो, असा एक नेमका क्षण असतो आणि तो गाठता आला पाहिजे. आईंना रसम नवे वाटणार नाही, कारण आपल्या साराचाच तो मिरपूड जास्त झालेला चुलतभाऊ आहे. नीर डोशाबद्दलही तेच म्हणता येईल. तांदळाचे पातळ, जाळीदार, पांढरे घावन ज्यांनी कोकणात खाल्ले आहे, त्यांना तो ओळखीचाच वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे इडली हाऊस. फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली तेथे मिळते. कोकणी लोक तिला खोट्टो म्हणतात. द्रोण उलगडताना जो वास येतो, तो हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण करून देतो, जरी पान वेगळे असले तरी.

वाद आहे तो ‘आठच्या आत पोहोचा’ या सल्ल्याबद्दल. साताऱ्याहून आलेल्या 71 वर्षांच्या बाईंना ठाण्याहून सकाळच्या गर्दीत आठपूर्वी माटुंग्याला आणणे ही शिक्षा आहे. आठवड्यातील मधल्या वारी गर्दी ओसरल्यावर साडेदहाला निघा आणि अकराच्या सुमारास पोहोचा. न्याहारीची रांग तोवर विरळ झालेली असते.

प्रतिसाद 3 – तळमजला

गर्दीचा मुद्दा मान्य आहे. परंतु अकराला पोहोचलात तर मंदिर आधी आणि खाणे नंतर, असा क्रम ठेवावा लागेल.

प्रतिसाद 4 – सर्व्हे नंबर

खाण्याविषयी लिहिले गेले आहे, म्हणून मी पाहण्याविषयी लिहितो.

या धाग्याला कोणी तरी ‘उपनगर’ असे वर्गीकरण दिले आहे. आजच्या हिशेबाने ते चूक आहे. माटुंगा मुंबई शहर जिल्ह्यात येते, आणि उपनगर जिल्हा वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे सुरू होतो. याचा व्यावहारिक परिणाम असा की येथे रिक्षा मिळत नाही. रिक्षा सायन (शीव) आणि माहीमपर्यंतच येतात, त्यामुळे आई थकल्या तर तुम्हाला टॅक्सीच पाहावी लागेल. मात्र हा भाग वसवला गेला तेव्हा तो खऱ्या अर्थाने उपनगरच होता. 1896च्या प्लेगनंतर 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि जुन्या शहरातील कोंदट वस्ती विरळ करण्यासाठी त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा पट्टा आखला. रुंद रस्ते, इमारतींमध्ये मोकळे अंतर, मर्यादित मजले आणि मध्ये बागा, हे सर्व त्या आखणीतून आले आहे. पुढे कारकुनी आणि टंकलेखनाच्या नोकऱ्यांसाठी दक्षिणेतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, त्यांच्यामागून खानावळी आल्या, आणि आज आपण ज्यासाठी रांगा लावतो ती हॉटेले त्यातूनच उभी राहिली. म्हणून डोसा खाऊन झाल्यावर मान वर करून इमारतीसुद्धा पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. किंग्ज सर्कलच्या परिसरात गोलाकार कोपरे आणि आडव्या पट्ट्यांच्या बाल्कन्या असलेल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती अजून शिल्लक आहेत, परंतु पुनर्विकासामुळे त्या एकेक करून कमी होत चालल्या आहेत.

तुमच्या आईंसाठी मी दोन जागा सुचवीन. पहिली जागा फाइव्ह गार्डन्स. अभियंते मंचरजी जोशी यांनी ट्रस्टकडून पारशी समाजासाठी भूखंड मिळवून दादर पारशी कॉलनी वसवली आणि या पाच बागांना त्यांचेच नाव आहे. भोवतालच्या रस्त्यांवर जुनी झाडे दोन्ही बाजूंनी मिळालेली असल्यामुळे दुपारीही सावली असते, आणि बसायला बाके भरपूर आहेत.

दुसरी जागा फारशी कोणी सांगत नाही. डॉ. आंबेडकर रस्त्यावरील तुळपुळे उड्डाणपुलाखाली 2016मध्ये नानालाल मेहता उद्यान सुरू झाले. पुलाखालची जागा म्हणजे एरवी भंगार आणि बेवारस गाड्या. येथे मात्र सुमारे 600 मीटर लांबीचा चालण्याचा मार्ग आहे, आणि तो नर्मदा नदीच्या वळणांवर बेतलेला आहे. डोक्यावरून आणि दोन्ही बाजूंनी वाहने धावत असताना आपण मधून नदीच्या पात्रासारख्या वाटेने चालतो, हा प्रकार थोडा विचित्र आहे. परंतु मार्ग सपाट आहे, छप्पर असल्यामुळे ऊन लागत नाही, आणि गुडघेदुखी असलेल्यांसाठी याहून सोयीची वाट या भागात नाही.

गणपतीत जाणाऱ्यांसाठी एक सूचना. जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा किंग्ज सर्कलचा गणपती पाच दिवसांचा असतो, आणि त्या पाच दिवसांत या परिसरात निवांत खाण्या-फिरण्याचा बेत आखू नये.

प्रतिसाद 5 – बनमस्का

सगळे उडुप्यांवरच बोलत आहेत. किंग्ज सर्कलच्या चौकातच कूलर आणि कंपनी हे 1932 सालचे इराणी हॉटेल आहे. चहा आणि बनमस्का घ्या, खिडकीजवळ बसा आणि चौक पाहा. आई बरोबर नसतील तेव्हा तेथील रेसलर ऑम्लेटही मागवून पाहा.

प्रतिसाद 6 – दुसरा उतारा

कॉफीच्या पुडीचा प्रश्न राहूनच गेला. मैसूर कन्सर्न्स हे जुने दुकान आहे. तेथे बी भाजून दळून देतात, आणि आत शिरण्याआधीच वास येतो. तुम्हाला दोन गोष्टी ठरवून जाव्या लागतील. पहिली म्हणजे कोणते बी. पीबेरी हे एकाच दाण्याचे गोल बी असते आणि प्लँटेशन हे नेहमीचे चपटे असते. बरेच जण दोन्हींचे मिश्रण घेतात. दुसरी म्हणजे चिकोरी किती. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ आहे. त्याने कॉफीला गडद रंग व दाटपणा येतो आणि किंचित कडूपणाही वाढतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 80 भाग कॉफी आणि 20 भाग चिकोरी घ्यावी. चिकोरी नको असेल तर दळण्यापूर्वीच तसे सांगावे. थोडीच घ्या, कारण दळलेल्या पुडीचा वास पंधरा दिवसांत उतरू लागतो.

पितळी किंवा स्टीलचा फिल्टर नसेल तर तोही घ्या. वरच्या भांड्यात पूड घालून चकती हलकेच ठेवायची, उकळते पाणी ओतायचे आणि झाकण लावून पंधरा-वीस मिनिटे विसरून जायचे. खालच्या भांड्यात थेंब थेंब जमतो तो उतारा, म्हणजेच डिकॉक्शन. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: पूड दाबू नका.

प्रतिसाद 7 – रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या बुधवारी आम्ही जाऊन आलो. अकराला पोहोचून आधी मंदिर केले, मग रामाश्रयमध्ये दोघांत एक उपमा आणि एक शिरा घेतला. बाजारात आईने सव्वा तास घालवला, एक केळफूल घेतले आणि ते दिवसभर पिशवीत सांभाळून फिरवले. कॅफे मद्रासमध्ये दुपारी अडीचला गेलो तर दहा मिनिटांत जागा मिळाली. ‘अर्धी बशी’ यांनी सांगितल्याप्रमाणे वडा भिजू दिला, परंतु आईने तीन मिनिटे थांबायला साफ नकार दिला. गरम वडा गार करून खाण्यात कसला शहाणपणा, असे तिचे म्हणणे पडले. नीर डोशाला तिने घावनच म्हटले आणि नारळाच्या गोड रसाशिवाय घावन देतात कसे, याचे तिला शेवटपर्यंत नवल वाटत होते. पुलाखालची नर्मदा ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. फाइव्ह गार्डन्सपर्यंत टॅक्सीने गेलो आणि तेथे ती बाकावर चक्क अर्धा तास झोपली.

कॉफीच्या दुकानात चिकोरी किती, असे विचारल्यावर तिने आत्मविश्वासाने ‘बेताची’ असे उत्तर दिले. दुकानदाराने मान डोलावली आणि दळून दिली. त्याने नेमकी किती घातली, ते आम्ही विचारले नाही.

फिल्टरही घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पूड डब्यात पीठ भरतात तशी चमच्याने ठोकून ठोकून बसवली. ‘दुसरा उतारा’ यांचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला होता, तरीही. सात वाजता ओतलेले पाणी साडेनऊपर्यंत उतरत होते, आणि तोपर्यंत आम्ही दोघांनी दोनदा चहा घेतला होता.