खातं बंद झालं म्हणून भावाच्या नावावर दुसरं काढायचं?

मलप्रभाकाठ
परवा ‘कॅम्प कॉर्नर’ यांनी लिहिलं की जाहिरातीचं खातं (परदेशी कंपनी आपल्या साइटवर जाहिराती लावते आणि त्याचे पैसे देते ते) कायमचं बंद झालं तर रडत बसू नका, अपिलाच्या नादी लागू नका, भावाच्या नाहीतर बायकोच्या नावावर दुसरं काढा, साइटवरचा जाहिरातीचा कोड बदला, महिन्याभरात पैसे चालू. खाली धन्यवादांची रांग लागली. मी गप्पच बसणार होतो. पण काल जांबोटीकडच्या एका पोराचा फोन आला, “दादा, आईच्या नावावर काढू काय? तिचं पॅन आहे.” ती माउली रोजगाराला जाते, तिला जाहिरातीचं खातं म्हणजे काय हेही ठाऊक नाही. म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

माझं स्वतःचं खातं गेल्या पावसाळ्यात गेलं. खानापूर तालुक्याच्या बातम्या, यार्डातले रताळ्याचे आणि भाताचे दर, पुलावर पाणी आलं की कुठला रस्ता चालू आणि कुठला बंद, एवढीच माझी साइट. मेल आला तो चार ओळींचा. अवैध ट्रॅफिक (म्हणजे खोट्या भेटी, खोटे क्लिक), जाहिरातदारांचं हित, खातं बंद. कुठलं पान, कुठला दिवस, कसले क्लिक, एक अक्षर नाही. साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत जाणार म्हणे. पावसातच माझ्याकडे वाचक सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे वर्षाची खरी कमाई त्याच दिवसांत गेली. राग काय असतो ते मला कुणी शिकवू नये.

पण दुसरं खातं काढून साधतं काय? साइट तीच, घरचा पत्ता तोच, पत्ता पडताळायच्या पिनचं पाकीट पोस्टमन त्याच दारात टाकणार, कोड घालणारा लॅपटॉप तोच. जुळवायला मशीनला कितीसा वेळ? ते दुसरंही जातं आणि पहिल्याच्या अपिलाची उरलीसुरली आशाही जाते. वर ज्याचं नाव वापरलं त्याला पुढं कधी स्वतःचं खातं काढायचं झालं तर दार बंद. नव्या पोरांना हा सल्ला देऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

कॅम्प कॉर्नर
झालं तुमचं कीर्तन? आता माझं ऐका. माझं खातं गेलं तेव्हा पोरीची फी भरायची होती आणि साइट सोडून दुसरा धंदा नव्हता. अपील केलं. उत्तर आलं, निर्णय कायम. पुन्हा केलं, तेच उत्तर, शब्दही तेच. माणसानं वाचलं की मशीननं, देव जाणे. भावाच्या नावावर काढलं ते आजही चालू आहे, दर महिन्याला पैसे येतात. तुमचं तत्त्वज्ञान माझ्या घरात शिजत नाही.

आणि नियम नियम काय करायलाय? नियम दोघांना असतो. ते कारण सांगणार नाहीत, हिशेब दाखवणार नाहीत, पैसे ठेवून घेणार आणि आम्ही तेवढं नियमानं वागायचं? युरोपात २०२० पासून कायदा आहे, लेखी कारण दिल्याशिवाय व्यापाऱ्याला प्लॅटफॉर्मवरून काढता येत नाही. आपल्याकडे तसं येईपर्यंत मी भावाचंच नाव लावणार.

शहापूरची सून
कॅम्प कॉर्नर दादा, तुमच्या त्या ‘बायकोच्या नावावर’ वाल्या सल्ल्यातली बायको मी आहे.

आमच्या ह्यांची पाककृतींची साइट होती. खातं बंद झालं. कुणीतरी तुमच्यासारखंच सांगितलं आणि ह्यांनी माझं पॅन, माझं बँक पासबुक लावून नवीन काढलं. मला विचारलं नाही, ‘सही कर’ एवढंच म्हणाले. माझं स्वतःचं ब्लाउज कटिंगचं चॅनल होतं. दुपारी पोरं शाळेत गेली की कटिंगच्या टेबलावर फोन बांधून मी व्हिडिओ करायची. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, चौतीस छातीचं माप अठ्ठावीसच्या पोरीला कसं उतरवायचं, असलं. हळूहळू वाचणाऱ्या नव्हे, बघणाऱ्या बायका वाढल्या. चंदगड, गडहिंग्लजहून बायका माप घेऊन घरी यायला लागल्या. त्या चॅनलची जाहिरात माझ्याच नावावर नुकतीच सुरू झाली होती.

ह्यांच्या साइटचं दुसरं खातं पकडलं गेलं तेव्हा माझ्या चॅनलचे पैसेही थांबले. माझ्या नावाला डाग लागला म्हणून. मी एकाही जाहिरातीवर बोट ठेवलं नव्हतं. अपिलात काय लिहू? नवऱ्यानं माझं नाव वापरलं, असं लिहू? लिहिलं. उपयोग झाला नाही. आता शिवणाचे पैसे येतात, व्हिडिओचे नाहीत.

तुमचं चालू आहे म्हणून सांगताय. चालू आहे तोवर चालू आहे.

कॅम्प कॉर्नर
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं, त्यावर बोलत नाही. ‘बायकोच्या’ हा शब्द मी काढून टाकतो. बाकी माझं म्हणणं तेच.

लॉगवाला
मी चारपाच जणांचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे खाती जाताना जवळून पाहिली आहेत. दोघांच्याही बोलण्यात घोळ आहे.

आधी तो युरोपचा कायदा. तो नियम २०१९ चा, लागू जुलै २०२० पासून, आणि ग्राहकाला थेट विक्रेत्याशी जोडणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे. असा थेट व्यवहार जोडून देत नाहीत ती ऑनलाइन जाहिरातीची साधनं त्यातून सरळ वगळली आहेत. तेव्हा तो आधार घेऊ नका.

आता अपील. ‘मी काहीही केलं नाही, कृपया न्याय द्या’ असं लिहिलेलं अपील कुठंच जात नाही. तारखेनुसार सांगावं लागतं की अमुक दिवशी अमुक पानावर वाचक एकदम वाढले, ते कुठून आले, त्यातले कुठले आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) मी अडवले, जाहिरात कुठून कुठं हलवली. त्याला कच्चे अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी कुठून आलं याची सर्व्हरवरची नोंद, लागतात आणि बऱ्याच होस्टिंगवर ते महिनाअखेरीस पुसले जातात. ज्यांचं खातं आज चालू आहे त्यांनी आजच लॉग साठवायची खूण करून ठेवा. खातं गेल्यावर लॉग शोधायला येणारेच मला जास्त भेटतात.

कारणंही नेहमी शत्रूचे क्लिक नसतात. फोनवर बातमी सरकवताना बोट जाहिरातीवर पडतं, कारण ‘पुढे वाचा’च्या बटणाला चिकटूनच जाहिरात लावलेली असते. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांना ‘जरा जाहिराती दाबा’ म्हणतो. कुणी हजार-दोन हजारात ‘वाचक वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला काम देतो आणि तो बॉट, म्हणजे माणसाऐवजी मशीनचे वाचक, पाठवतो. मलप्रभाकाठ, रागावू नका, पण तुमच्याकडे यातलं काय होतं?

मलप्रभाकाठ
यातलं काहीच नव्हतं. वाचक विकत घेतले नाहीत, क्लिक करा असं कुणाला म्हटलं नाही. पूर आला की एकाच गावातली माणसं एकाच टॉवरवरून एकच पान दिवसभर उघडतात, तासातासाला. मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच आयपीमागून सोडतात. बाहेरून बघणाऱ्या मशीनला ते संशयास्पद दिसलं असेल, असा माझा अंदाज. लॉगसकट लिहून पाठवलं. नकार आला.

लॉगवाला
शक्य आहे. मान्य. मग निरपराध माणूसही जातो, हे कॅम्प कॉर्नरचं म्हणणं तेवढं खरं धरावं लागेल. पण जाहिरातीसाठी दुसऱ्या नेटवर्ककडे धावणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. पुष्कळशी पर्यायी नेटवर्कं मागच्या दारानं त्याच मोठ्या बाजारातून जाहिराती उचलतात, त्यामुळे डोमेनच नाकारलं जातं. आणि जुना कोड आणि अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी (साइटवर जाहिरात विकायची परवानगी कुणाला ती यादी) यातली जुनी ओळ काढून टाका. मेलेल्या खात्याचा कोड पानावर ठेवून रिकाम्या चौकटी वाचकाला कशाला दाखवायच्या?

वेदगंगा
मी निपाणीचा. एवढं महाभारत कशाला ते मला कळेना. खातं गेलं त्याच आठवड्यात मी दुकानं फिरायला लागलो. साडीवाले, मंगल कार्यालय, ट्रॅक्टरचे डीलर, सीईटीचे क्लास. लग्नसराईत तर मागून येतात. आणि खरं उत्पन्न सांगू? वाढदिवसाच्या शुभेच्छा. नेत्याचा फोटो, खाली कार्यकर्त्यांचे गोल फोटो, तीन दिवस साइटच्या माथ्यावर. पैसे रोख आणि आधी. डॉलरच्या जाहिरातीनं मला वर्षात दिलं नाही ते हंगामात मिळतं.

फक्त बिलाचं बघून ठेवा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे राज्याबाहेर, जाहिरात विकली तरी. नोंदणी केली तर वेबसाइटवरच्या जाहिरातीला अठरा टक्के, छापील पेपरला पाच. दुकानदार विचारतो, त्याला उत्तर तयार पाहिजे.

जुना बातमीदार
वेदगंगा, जीएसटीची माहिती चांगली दिलीत. पण तुम्ही ज्याला उत्पन्न म्हणता त्यानं आपल्या भागातली पत्रकारिता खाल्ली आहे. ज्याचा चेहरा तीन दिवस माथ्यावर, त्याच्या वॉर्डातल्या गटारीची बातमी चौथ्या दिवशी लावता का? १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी बेळगावात ‘तरुण भारत’ काढला त्या परंपरेत आपण लिहितो असं सगळेच भाषणात म्हणतात. त्या परदेशी कंपनीला तुमच्या आमदाराशी काही देणंघेणं नव्हतं. तिची जाहिरात होती तोवर तुम्ही कुणाविरुद्धही लिहू शकत होता. खातं जाण्याचा खरा तोटा तो आहे, पैशाचा नव्हे.

वेदगंगा
बातमीदार साहेब, तुम्ही पगारावर पत्रकारिता केली. महिन्याच्या एक तारखेला पाकीट मिळत होतं तेव्हा ते कुठल्या शुभेच्छांमधून येतं हे विचारलंत कधी? दिवाळी अंकाची पानं शुभेच्छांनीच भरत होती की. आम्ही तेच उघड करतो तर आम्ही विकले गेलेलो?

जुना बातमीदार
विचारलं होतं. म्हणूनच दोनदा नोकरी सोडली. तुम्ही मला पगार शिकवू नका.

पाटीवरचा मराठी
तुम्ही भलत्याच गोष्टीवर भांडायलाय. दुकानदार मराठी साइटला जाहिरात देणारच कशाला? कर्नाटकाच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड सक्तीचं. ज्याला स्वतःच्या पाटीवर मराठी ठेवायची धास्ती तो तुमच्या साइटवर मराठीत नाव छापेल? २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे आणि आपण क्लिक मोजत बसलोय. आधी भाषेचं बघा.

वेदगंगा
तुमचं दुःख खोटं नाही. पण ती अट नामफलकाची आहे, वेबसाइटवरच्या जाहिरातीची नाही. माझ्याकडे कन्नडिग दुकानदारही मराठीत जाहिरात देतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक मराठी आहे. प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणला तर मूळ पोराच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

शहापूरची सून
मी एक वाचक म्हणून बोलते, कारण तुम्ही दोघं एकमेकांसाठीच लिहायलाय. मला वाढदिवसाचा फोटो दिसला की मी साइट बंद करत नाही, खाली सरकते. पण आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला पाणी दहा-दहा दिवसांनी यायचं तेव्हा एकाही साइटवर ओळ नव्हती, आणि नगरसेवकाचा वाढदिवस मात्र सगळीकडे होता. बातमीदार काकांचं तेवढं खरं आहे. आणि वेदगंगा दादांचं हे खरं आहे की त्यांनी घरातल्या कुणाचं नाव न वापरता चूल चालवली. माझ्या दृष्टीनं ते मोठं आहे.

जुना बातमीदार
ठीक आहे. वेदगंगा यांनी भावाचं नाव लावलं नाही, ते मी मान्य करतो. पण शुभेच्छांच्या जाहिरातीवर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा आणि ज्याची जाहिरात आहे त्याच्या कामाची बातमी त्याच आठवड्यात लावा. दोन्ही केलंत तर माझा आक्षेप संपला.

वेदगंगा
‘जाहिरात’ असं आजपासून लिहितो. दुसऱ्या अटीचा शब्द देत नाही. तुम्ही निपाणीत राहून दाखवा, मग बोलू.

मलप्रभाकाठ
मूळ मुद्द्यावर येऊ. कॅम्प कॉर्नर, एक सरळ प्रश्न. ते पैसे भावाच्या बँकेत येतात, म्हणजे त्याच्या विवरणपत्रात त्याचं उत्पन्न म्हणून दिसतात. तुमच्या कमाईचा कर तो भरतो काय? उद्या त्याला नोटीस आली तर हिशेब कोण देणार? बाहेरून आलेल्या पैशाचे बँकेचे दाखले कुणाकडे आहेत?

कॅम्प कॉर्नर
कराचे पैसे मी त्याला वेगळे देतो. दाखले काढलेले नाहीत. बँकेत जाऊन मागावे लागतील, ते या आठवड्यात करतो. एवढ्यावरून तुम्ही जिंकलात असं समजू नका. माझं खातं मी बंद करणार नाही. पण जांबोटीच्या त्या पोराला सांगा, आईचं नाव नको. त्याला म्हणावं आधी लॉग काढ आणि अपील लिही. मला पाठवलं तर इंग्रजी नीट करून देतो, ते मला येतं.

लॉगवाला
लॉग माझ्याकडे पाठवायला सांगा. त्याचं होस्टिंग कुठलं आहे आणि खातं कुठल्या तारखेला गेलं, एवढं आधी कळवा. महिना संपायला आला आहे.