'चर्चला रेक्टर हवा आहे' हे मराठीत कसं सांगाल?

नदीपलीकडे
आम्ही व्हर्जिनियात राहतो, पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात. मका, सोयाबीन, मैलामैलावर घरं. शेजारच्या आजी ज्या चर्चमध्ये जातात ते एपिस्कोपल पंथाचं आहे (इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकेतली शाखा), विटांचं, अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आधीचं. त्यांच्या रेक्टर, म्हणजे चर्च सांभाळणाऱ्या धर्मगुरू, मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून ही मंडळी नवीन रेक्टर शोधताहेत. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी यावर लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडले. "चर्चला रेक्टर हवा आहे" असं लिहून आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चर्चचं होस्टेल आहे का गं तिथे?"

तिचं चुकलं नाही. आपल्याकडे रेक्टर म्हणजे वसतिगृहाच्या रेक्टरबाई, रात्री नऊनंतर गेट बंद करणाऱ्या. भरीला या चर्चमध्ये दोन वॉर्डनही आहेत, सीनियर आणि ज्युनियर! दोन्ही शब्द तसेच ठेवले तर वाचक सरळ वसतिगृहातच जाऊन पोचेल. धर्मगुरू, पाळक, पाद्री, धर्मोपदेशक असं सगळं लिहून पाहिलं, एकही बसत नाही. कोणता शब्द घ्यावा?

भोरकर
पाद्री. चारशे वर्षं मराठीत असलेला शब्द आहे, पोर्तुगिजांकडून आलेला. शेंबड्या पोरालाही कळतो. एवढं अडायचं कारण काय?

नगरी_बोली
भोरकर, आम्ही स्वतः 'पाद्री' म्हणत नाही, आमच्याबद्दल बाहेरचे म्हणतात. माझं बालपण नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये गेलं. घरात शब्द एकच, 'पाळकसाहेब'. आजोबा गेले त्या रात्री आई दारात उभी राहून म्हणाली होती, "आधी पाळकसाहेबांना निरोप द्या." त्या जागी 'पाद्री' घालून बघा, वाक्य परकं होतं.

आणि पाळक हा कुणी बसून घडवलेला शब्द नाही. मराठी बायबलात 'पाळक व शिक्षक' आहे, स्तोत्रात 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' आहे. राखणारा तो पाळक. माझं मत पाळकला.

जुनी_लिपी
पाळक हे 'पास्टर'चं भाषांतर झालं, रेक्टरचं नाही. रेक्टर लॅटिनमधल्या 'रेगेरे'वरून येतो. रेगेरे म्हणजे सरळ नेणं, मार्गावर ठेवणं, राज्य करणं. लॅटिनचा 'रेक्स' आणि आपला 'राजा' एकाच घराण्यातले, 'ऋजु' म्हणजे सरळ हाही त्यातलाच. तेव्हा अर्थाने बघितलं तर रेक्टर म्हणजे शास्ता.

पण इंग्लंडमध्ये या शब्दाचा खरा अर्थ हिशेबाचा होता. गावच्या उत्पन्नाचा दशमांश चर्चला जायचा. मोठा दशमांश धान्याचा, लहान दशमांश कोकरं, भाजीपाला वगैरेंचा. दोन्ही ज्याला मिळायचे तो रेक्टर. रेक्टरीचा हक्क एखाद्या मठाकडे गेलेला असेल तर मठ गावात आपल्या वतीने माणूस ठेवायचा आणि त्याला बहुधा फक्त लहान दशमांश द्यायचा. तो व्हिकार. व्हिकार म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा. यासाठी मराठीत नेमका शब्द पडून आहे: मुतालिक. धन्याच्या वतीने शिक्का चालवणारा. व्हिकार मुतालिक, तर रेक्टर 'खुद्द'!

वसईचा_पाऊस
मुतालिक वाचून अंगावर रोमांच आले. पण घोळ पुढे आहे. गोव्यात कोकणीत चर्चच्या मुख्य फादरना 'विगार' किंवा 'पाद्र विगार' म्हणतात. पोर्तुगीज 'विगारियु' म्हणजे हाच व्हिकार. तिथे विगार हाच गावातला सगळ्यात मोठा धर्मगुरू. त्याला मुतालिक म्हणालात तर फिर्गजेत भांडण लागेल. (फिर्गज म्हणजे पॅरिश, एका चर्चचा परिसर आणि तिथली माणसं.)

आमच्या वसईत पॅरिशला 'धर्मग्राम' आणि मुख्य फादरना 'प्रमुख धर्मगुरू' म्हणतात. डायोसिज, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, तो 'धर्मप्रांत'. मूळ प्रश्नाला माझं उत्तर: "धर्मग्रामाला प्रमुख धर्मगुरू हवे आहेत." वसतिगृहाची शंकाही येणार नाही.

नदीपलीकडे
धर्मग्राम फारच आवडला, तो घेतेच. पण 'प्रमुख' म्हटलं की दुय्यमही कुणीतरी असणार असं वाटतं. इथे एकच माणूस. रविवारी तो प्रार्थना चालवणार, बुधवारी आजारी माणसांना भेटणार, आणि छप्पर गळलं तर त्याची काळजीही त्यालाच.

माझी खरी अडचण मला आता जुनी_लिपी यांच्यामुळे उमगतेय. नामापेक्षा क्रियापद अडतंय. मी 'नेमणूक' लिहिलं होतं, आणि शेजारच्या आजींना सगळं समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या की असं नसतं. वेस्ट्री, म्हणजे सभासदांनी निवडून दिलेलं मंडळ, रेक्टर निवडते. बिशपना नाव आधी कळवावं लागतं, त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, पण बोलावणारे हेच. आणि एकदा आलेल्या रेक्टरला वेस्ट्री आपल्या मर्जीने काढू शकत नाही, वाद झाला तर बिशपकडे जावं लागतं. जे लहान चर्च स्वतःच्या पायावर उभं नसतं तिथे बिशप आपल्या वतीने माणूस पाठवतात, आणि त्यालाच इथे व्हिकार म्हणतात. म्हणजे जुनी_लिपींचा मुतालिक अमेरिकेत जसाच्या तसा बसतो!

नगरी_बोली
हे वाचून थोडा वेळ थांबलो. आमच्याकडे पाळकांची 'बदली' होते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशपांकडून पत्र येतं आणि सामानाचा टेम्पो लागतो. लहानपणी दर काही वर्षांनी मिशन बंगल्यासमोर तो टेम्पो पाहिलाय. पाळकांचा मुलगा माझा मित्र होता. एका मे महिन्यात तो गेला, त्याची पतंगाची फिरकी माझ्याकडेच राहिली. 'बदली' हा शब्द आजही माझ्या कानाला टोचतो.

तुमच्या क्रियापदासाठी शब्द आहे: पाचारण. मराठी बायबलात देवाने माणसाला बोलावणं म्हणजे पाचारण. चर्चने पाळकाला बोलावलं तर पाचारणच म्हणावं. "धर्मग्रामाने नव्या पाळकांना पाचारण केलं."

मुक्ता_प
माफ करा, पण आता मंडळाच्या वाचकाचा विचार कोण करतंय? दिवाळी अंक वाचणारे लोक अमेरिकेत राहतात. त्यांच्या घराशेजारी चर्च आहे, पाटीवर रेक्टर लिहिलंय. तुम्ही 'शास्ता', 'मुतालिक', 'पाचारण' लिहिलंत तर त्यांना लेखाला टिपा लागतील. जिल्हाधिकारी शब्द येऊन किती वर्षं झाली, गावात अजून 'कलेक्टरकडे अर्ज केला'च म्हणतात. रेक्टर लिहा, पहिल्या परिच्छेदात आईचा होस्टेलचा प्रश्न घाला, त्यानेच अर्थ उलगडेल. मराठी शब्द हवाच हा हट्ट मला भाषेच्या प्रेमातून आलेला वाटत नाही, धास्तीतून आलेला वाटतो.

जुनी_लिपी
मुक्ताताई, धास्ती कसली? मुतालिक फारसी-अरबीतून आलेला आहे, मी कुठे सोवळ्यात बसलोय. माझं म्हणणं एवढंच की आपल्या दप्तरखान्यात नेमका शब्द असताना उसना घ्यायची घाई नको. 'वेस्ट्री' बघा. चर्चमधली पोशाख ठेवायची खोली, तिथे सभा भरायच्या, म्हणून सभेलाच खोलीचं नाव पडलं. आपली 'चावडी' हेच करते, "चावडीने ठरवलं". आणि लॅटिन 'वेस्टिस' व आपलं 'वस्त्र' एका मुळाचे आहेत. वेस्ट्रीला चावडी म्हणा.

मुक्ता_प
चावडीवर सारा भरतात, देवाचं काम होत नाही.

नदीपलीकडे
मुक्ता, व्हर्जिनियात नेमकं तेच होत होतं! वसाहतकाळात वेस्ट्री लोकांकडून कर गोळा करायची. गरिबांची, अनाथांची सोय त्यातून व्हायची आणि धर्मगुरूचा पगारही. पगार तंबाखूत, वर्षाला १६,००० पौंड (वजनाचे) तंबाखू. जॉर्ज वॉशिंग्टन ट्रूरो पॅरिशच्या वेस्ट्रीवर होते. तिथे गावातले जमीनदार एकत्र बसायचे.

१७५८ साली तंबाखूचं पीक बुडालं, भाव चढला. तेव्हा तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की तंबाखूऐवजी पौंडाला दोन पेन्स या दराने रोख द्यावं. भाव त्याहून बराच चढलेला. धर्मगुरू कोर्टात गेले. राजाने कायदा नामंजूर केला होता, म्हणून १७६३ मध्ये हॅनोव्हरच्या कोर्टात एका धर्मगुरूच्या बाजूने निकाल लागला. मग भरपाई ठरवायची वेळ आली. तेव्हा पॅट्रिक हेन्री नावाचा तरुण वकील असा बोलला की ज्यूरीने एक पेनी भरपाई दिली. एक पेनी! ते कोर्टाचं घर अजून उभं आहे, मी मुलांना दाखवून आणलंय.

भोरकर
हे तर बलुतं झालं. पीक आलं की धर्मगुरूचा वाटा. मग रेक्टरला बलुतेदार का म्हणू नये? चर्चची जमीनही असेल ना?

नदीपलीकडे
होती. 'ग्लीब' म्हणतात. धर्मगुरूने ती कसायची किंवा कसायला द्यायची. स्वातंत्र्यानंतर चर्चचा राजाश्रय गेला आणि १८०२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा करून त्या जमिनी काढून घ्यायला सुरुवात केली. इथे आजही एका रस्त्याचं नाव ग्लीब आहे.

भोरकर
देवस्थान इनाम! माझ्या आजोबांनी अशा जमिनीपायी वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ग्लीबला 'इनाम' लिहा, डोळे मिटून.

नगरी_बोली
इनाम मान्य. बलुतेदार अजिबात नाही. बलुतं वतनाने, बापाकडून मुलाकडे. रेक्टर बाहेरून बोलावून आणलेला माणूस. आणि बलुतेदाराला गाव 'बोलवत' नव्हतं, हुकूम करत होतं. माझ्या खापरपणजोबांनी मिशनची वाट धरली ती त्याच हुकमापासून सुटायला. तो शब्द चर्चच्या दारात परत आणू नका, विनंती आहे.

भोरकर
तो विचार मी केला नव्हता. शब्द मागे घेतो.

जुनी_लिपी
एक तपशील मात्र घ्या. वसाहतकाळातल्या कित्येक वेस्ट्री धर्मगुरूला कायमचा करतच नसत. एकेका वर्षाच्या बोलीवर ठेवत, म्हणजे तो आपल्या मुठीत. समुद्रापलीकडे लंडनला बिशप, इथे एकही नाही, विचारणार कोण? स्वातंत्र्यानंतर स्वतःचा बिशप हवा झाला, पण इंग्लंडमध्ये राजनिष्ठेची शपथ आडवी आली. म्हणून सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ मध्ये ॲबर्डीनला त्यांना दीक्षा मिळाली. 'एपिस्कोपल' म्हणजेच 'बिशप असलेलं'. ग्रीक 'एपिस्कोपोस', वरून पाहणारा. मराठी बायबलाने त्याला 'अध्यक्ष' केलं. अधि आणि अक्ष, वर आणि डोळा! मला ही जोडी इतकी सुंदर वाटते की 'एपिस्कोपल चर्च'ला 'अध्यक्षीय मंडळी' म्हणावं असं सुचवतो.

मुक्ता_प
अध्यक्षीय म्हटल्यावर वाचकाला व्हाइट हाउस आठवेल. आणि 'अक्ष' तिथे डोळाच की आणखी काही, यावरही कोशकार भांडतील.

वसईचा_पाऊस
'मंडळी'ही जपून. आमच्याकडे "मंडळी माहेरी गेलीय" म्हणजे बायको.

भोरकर
या चर्चचा आपल्याशी काही संबंध आहे का? की अगदीच परकं?

नगरी_बोली
चुलत घर म्हणा. पुण्याचं पंचहौद मिशन याच अँग्लिकन घराण्यातलं. १८९० मध्ये टिळक, रानडे तिथे गेले, चहा झाला आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं ते हेच. पंडिता रमाबाईंचा १८८३ चा बाप्तिस्माही इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चमध्येच झाला होता.

भोरकर
रानड्यांनी प्रायश्चित्त घ्यायला नको होतं. माझं हे मत चाळीस वर्षं कायम आहे.

जुनी_लिपी
त्यासाठी वेगळा धागा काढा, भोरकर. मी येतो.

नदीपलीकडे
लेख शुक्रवारी द्यायचाय, म्हणून परत मूळ प्रश्नावर येते. आधीच्या रेक्टर बाई होत्या. या पंथाने १९७६ मध्ये स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली. मग 'पाळक' लिहिलं तर पुढे 'निवृत्त झाल्या' जुळतं का? 'पाळिका' कानाला नगरपालिकेकडे नेते.

नगरी_बोली
'पाळकबाई' म्हणा. 'डॉक्टरबाई' चालतं ना.

मुक्ता_प
रेक्टरबाई! आईला होस्टेल आठवलं तर आठवू दे. त्या रेक्टरबाईही रात्री आजारी मुलीच्या उशाशी बसायच्या. माझ्या तापात बसल्या होत्या, १९८८ साली. शब्द तितकाही परका नाही.

वसईचा_पाऊस
शोध कसा घेतात ते सांगा ना. जाहिरात देतात?

नदीपलीकडे
आधी धर्मग्राम स्वतःची माहिती लिहून काढतो. रविवारी किती जण येतात, किती वयाचे, जमाखर्च, राहायला घर कसं, दफनभूमीची निगा कोण राखतं, आणि आपलं काय दुखतं तेही. ते उमेदवार वाचतात. मग भेटी होतात, दोन्ही बाजूंनी. आजी त्या समितीवर आहेत. "आमच्याकडे तरुण घरं तीनच आहेत हे लिहावं की नाही" यावर एक अख्खी संध्याकाळ गेली म्हणाल्या. शेवटी लिहिलं.

वसईचा_पाऊस
म्हणजे स्थळ पाहणं. "चर्च स्थळ पाहतंय." यात नेमणूकही नाही, बदलीही नाही.

नगरी_बोली
पाचारण सोडू नका.

नदीपलीकडे
दोन्ही कच्च्या लेखात टाकलेत. पहिलं वाक्य तूर्त असं आहे: "आमच्या धर्मग्रामाला पाळक हवे आहेत, इथे त्यांना रेक्टर म्हणतात." मुक्ता रागावेल, जुनी_लिपीही. आजींना अर्थ सांगितला तर त्यांनी विचारलं, मेंढ्या राखणारा की मेंढ्यांनी बोलावलेला? मला पटकन उत्तर देता आलं नाही.

जुनी_लिपी
रागावलो नाही. पण 'रेक्टर'मधलं 'खुद्द' गेलं ना त्यात. पाळक दुसऱ्याचे कळपही राखतो.

कऱ्हाडकर
सगळा धागा वाचला. आमचं आजोळ मुतालिकांचं. आजी सांगायची की आमचे पूर्वज कुणाच्या वतीने काम बघत होते ते नाव घरात कुणालाच आठवत नाही, मुतालिक तेवढं राहिलं. हे आडनाव असलेले आणखी कुणी आहेत का इथे? तुमच्याकडे शिक्का होता का?