२०० लिटरच्या खाऱ्या टाकीला स्किमर कोणता घ्यावा?

आर्वीकर:
टाकी २०० लिटर, खाली संप (पाणी गाळायची उपकरणं ठेवायची दुसरी टाकी). दोन क्लाउनफिश, थोडे मऊ प्रवाळ. स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, किती क्षमतेचा हवा? गावात लाइट रोज जाते, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात.

खारपाणी:
डब्यावरची क्षमता कमी मासे धरून लिहिलेली असते. ३०० ते ४०० लिटरच्या टाकीसाठीचा घ्या. त्याहून मोठा नको. घाण कमी पडली की फेस वरच्या, घाण जमा होणाऱ्या कपापर्यंत चढतच नाही. आधी संपात टेप लावून बघा, कप वर काढायलाही जागा लागते. कंपनीने सांगितलेली पाण्याची उंची, बहुधा १५ ते २० सेंमी, नेमकी राखायची. तुमच्या उन्हाळ्यात पाणी झपाट्याने उडतं, पातळी उतरली की फेस बसतो. म्हणून संपातल्या स्किमरच्या कप्प्याला पातळी एकसारखी राखणारी आडभिंत हवीच. घट आरओच्या गोड्या पाण्याने भरा, कारण मीठ उडत नाही. बोअरचं पाणी अजिबात नको.

वर्धाकाठ:
भाऊ, २४ व्होल्टचा डीसी पंप घ्या, बॅटरीवर चालवणं सोपं. लाइट गेली की वरचं पाणी संपात उतरतं, आल्याबरोबर स्किमर सुरू झाला तर कप सांडतो. १० मिनिटं उशिरा सुरू करणारा टायमर लावा. बॅटरी कमी असेल तर आधी हवेचा पंप चालवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी टिकतो.

आर्वीकर:
नव्या स्किमरला फेस कधी धरतो?

खारपाणी:
एक-दोन आठवडे. तोवर फेसाची उंची ठरवणारी झडप सारखी फिरवू नका. पुढे महिन्यातून एकदा हवेच्या नळीतून कोमट पाणी ओढू द्या, मिठाचे खडे अडकले की बुडबुडे मोठे आणि कमी होतात.