बडोद्याची स्वतःची बँक कुठली म्हणायची, अन्योन्य की बँक ऑफ बडोदा?

दांडियाबाजारवाला
20 जुलै आला की आपल्या मराठी ग्रुपांवर सयाजीरावांचे फोटो सुरू होतात, 1908 ला महाराजांनी बँक काढली, बघा केवढी झाली वगैरे. ठीक आहे, अभिमान मलाही आहे. पण 5 फेब्रुवारीला सगळे गप्प का असतात? 1889 साली त्याच तारखेला ह्याच गावात विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचंच नाव घेतात. इंग्रज सरकारचा सहकाराचा कायदा आला 1904 मध्ये, म्हणजे कायदा नाही, अनुदान नाही, रजिस्ट्रार नाही, आणि नोकरदार मराठी माणसं थोडे थोडे पैसे जमवून एकमेकांना कर्ज देतायत, सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की बडोद्याची खरी बँक ती. दुसरी बडोद्याचं नाव लावणारी मुंबईची बँक आहे, कॉर्पोरेट ऑफिस बांद्रा कुर्ला संकुलात आहे तिचं.

मांडवीकर
पहिली होती हे मान्य, वाद नाही. पण ठेवीदाराला तुम्ही पहिले आलात की पाचवे ह्याचं काय करायचंय हो, त्याला मागितल्यावर पैसे मिळाले पाहिजेत. 2007 ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा अन्योन्यच्या दारात काय परिस्थिती होती ते विसरलात काय?

आणि मुंबईची बँक म्हणून हिणवू नका. सुरुवातीपासून मुंबईची माणसं त्यात होती ती मुद्दाम. विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास, तुळशीदास किलाचंद, शिवाय संपतराव गायकवाड आणि महाराजांचे अमेरिकन आर्थिक सल्लागार व्हाइटनॅक. भरणा भांडवल 10 लाख, त्या काळचे. पाच वर्षांत काय झालं बघा, 1913 ला लाहोरची पीपल्स बँक बुडाली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली, ती तर चांदीच्या सट्ट्यात गेली, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत देशभर 80 च्या वर बँका बंद पडल्या. ह्यात ही टिकली. स्वदेशीच्या जोशात निघालेल्या बँका डझनाने होत्या, नुसत्या जोशावर कुणी तगलं नाही.

दांडियाबाजारवाला
@मांडवीकर टिकली कारण पाठीशी दरबार होता! संस्थानची वट मागे असताना ठेवीदार पळतो कशाला. आणि 19 जुलै 1969 नंतर तर सरकारचीच झाली, मग बुडायचा प्रश्न येतो कुठे. अन्योन्यला असा बाप नव्हता, तरी शंभर वर्षांच्या वर चालली ना?

सुनीताताई
मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेत होते, नाव घेत नाही. दोघांनाही थोडं सांगते. सहकारी बँकेची ताकद म्हणजे ओळख. अर्ज आला की कर्ज खात्यातल्या माणसाला माहीत असायचं हा कुणाचा मुलगा, पगार कधी होतो, घरात लग्न निघालंय का, जामीनदार कोण आणि त्या जामीनदारानेच आधी किती ठिकाणी सह्या केल्यात. ही माहिती मोठ्या बँकेला कुठल्याही फॉर्मवर मिळत नाही. म्हणून शिंपी, मास्तर, शिपाई, पापडाचा धंदा करणाऱ्या बायका ह्यांना कर्ज मिळायचं आणि ते बहुतेक फेडायचेसुद्धा, कारण हप्ता चुकला की जामीनदार संध्याकाळी घरी येऊन बसायचा.

पण तीच ओळख वरच्या मजल्यावर गेली की नासते. संचालकाच्या मेव्हण्याचं मोठं कर्ज, तारण कागदावर भारी, थकलं तर नोटीस कोण पाठवणार? छोट्याची वसुली कडक, मोठ्याची मुदतवाढ. मग ऑडिटमध्ये दिसू नये म्हणून जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज. हे मी डोळ्यांनी बघितलंय. अन्योन्यचं असंच झालं असं मी म्हणत नाहीये, तिथल्या आतल्या गोष्टी मला माहीत नाहीत.

मांडवीकर
@सुनीताताई एकदम बरोबर बोललात, हेच माझं म्हणणं आहे. गुजरातमध्ये 2001 ला अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाईल बुडाली, शेअर बाजारात केतन पारेख ह्या दलालाच्या मागे पैसा लावून. इतर सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात अडकलेल्या, त्यामुळे चांगल्या बँकांच्या दारातही रांगा लागल्या. त्यानंतर आमच्या घरात ठरलं, जास्तीचा पैसा सरकारी बँकेतच.

होळकरी_इंदूरकर
मध्ये बोलतो, माफ करा बडोदेकर. आमच्या इंदूरची बँक तुकोजीराव होळकरांच्या काळात 1920 ला निघाली, 1960 ला स्टेट बँकेची उपबँक झाली आणि 2010 ला विलीन. आज नावसुद्धा उरलं नाही. तुमच्या गावाचं नाव निदान पाटीवर आहे, त्यात आनंद माना भिया.

दांडियाबाजारवाला
@होळकरी_इंदूरकर तेच तर! नाव राहिलं ते आमचं, दुसऱ्यांची गिळून. 1958 हिंद बँक, 1963 सुरत बँकिंग कॉर्पोरेशन, 64 ला उंबरगाव पीपल्स, 2002 बनारस स्टेट बँक, आणि 2019 ला देना आणि विजया. विजया मंगळूरची, 1931 ची, तिथल्या लोकांना विचारा काय वाटतं. ह्याला वाढ म्हणतात?

मांडवीकर
हो, म्हणतात. ह्यातल्या काही बँका दमलेल्या होत्या, कुणीतरी उचलल्या नसत्या तर ठेवीदार रस्त्यावर. शिवाय नुसतं गिळूनच वाढली असं नाही. 1910 ला अहमदाबादला शाखा, 1953 ला मोम्बासा आणि कंपाला, कारण गुजराती व्यापारी तिकडे होता, गिऱ्हाइकाच्या मागे बँक गेली. आणि 1969 चं सारखं काढू नका, त्याआधी 61 वर्षं खाजगीच होती.

सुनीताताई
खाजगी होती तरी संस्थानी होती हे दांडियाबाजारवाल्यांचं म्हणणं मला पटतं. पण एक गोष्ट दोघं विसरताय, ठेवींचा विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला ठराविक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात तो. तो आला 1962 ला, आदल्या काळात केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर. तेव्हा मर्यादा फक्त 1500 रुपये. 1993 पासून 1 लाख, आणि ती तशीच राहिली 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत, तेव्हा कुठे 5 लाख झाली. म्हणजे 2007 ला ज्याने रिटायरमेंटचे 4 लाख एका सहकारी बँकेत ठेवले त्याचे 3 लाख देवाच्या भरवशावर. महागाई कुठे गेली आणि मर्यादा 27 वर्षं हलली नाही. 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे हा नियमही 2021 चा. हे आधी झालं असतं तर लोक एवढे घाबरले नसते आणि बऱ्या बँका वाचल्या असत्या असं मला वाटतं.

दांडियाबाजारवाला
ताई, हे माझ्याच बाजूचं झालं की. मोठ्या बँकेला सरकार, छोटीला काहीच नाही, आणि मग म्हणायचं बघा छोटी टिकली नाही.

मांडवीकर
विमा दोघांना सारखाच आहे काका, कायदा वाचा. बरं ते राहू द्या, तुमची एफडी कुठे आहे ते सांगा.

दांडियाबाजारवाला
बँक ऑफ बडोदात. त्याने मुद्दा बदलत नाही.

मांडवीकर
😄 बदलतो हो, पूर्ण बदलतो.