चेक आउट की चेक आउट ऑफ? हॉटेलच्या नोंदीत काय लिहावं?

प्रश्न (म्हापसेकर): कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर आम्ही 'गेस्ट चेक्ड आउट द रूम ॲट इलेव्हन' असं लिहितो. मॅनेजर म्हणतात, 'ऑफ' (of) हवं. नेमका फरक काय? आणि येताना 'इन' की 'इन्टू'?

फोंडेकर: मॅनेजरचं बरोबर आहे. 'चेक्ड आउट द रूम' म्हणजे पाहुण्याने खोली पाहिली, पसंतीसाठी तपासली. खोली सोडली म्हणायचं तर 'चेक्ड आउट ऑफ द रूम'. जागेचं नाव घ्यायचं नसेल तर 'ऑफ'ही नको: 'द गेस्ट चेक्ड आउट ॲट इलेव्हन' एवढं पुरे, नोंदवहीत हेच उत्तम. येताना 'चेक्ड इन्टू द हॉटेल' किंवा 'चेक्ड इन ॲट द हॉटेल'. 'चेक्ड इन द हॉटेल' मात्र चूक. मराठीत आपण 'हॉटेलात' म्हणतो, त्या सवयीने नुसतं 'इन' लिहून मोकळे होतो.

मडगावकर: एक धोका सांगायलाच हवा. आपण पाहुण्यांची नोंद करून घेतली यासाठी 'आय चेक्ड देम इन' अगदी योग्य. पण त्याच धर्तीवर 'आय चेक्ड हर आउट' लिहू नका. त्याचा अर्थ 'मी तिला न्याहाळलं' असा घेतला जातो आणि लेखी तक्रार होऊ शकते. कर्ता पाहुणाच ठेवा: 'शी चेक्ड आउट'.

सर्वनाम नेहमी मध्ये येतं: 'चेक इट आउट', कधीच 'चेक आउट इट' नाही. मोपाला विमानात सामान देतानाही तेच. 'चेक इन द बॅग' चालतं, 'चेक द बॅग इन' चालतं, पण 'इट' असेल तर फक्त 'चेक इट इन'. 'चेक आउट ऑफ'चे तुकडे करता येत नाहीत. तिथे 'इट' शेवटीच.

म्हापसेकर: पाटीवर मध्ये छोटी रेघ द्यायची का?

फोंडेकर: नाम असेल तर द्या: 'चेक-आउट टाइम: इलेव्हन'. क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द: 'प्लीज चेक आउट बाय इलेव्हन'. इथे 'ॲट' नको. 'बाय' म्हणजे अकरापर्यंत केव्हाही, 'ॲट' म्हणजे बरोबर अकराला. बोलतानाही फरक पडतो: नामात जोर 'चेक'वर, क्रियापदात 'आउट'वर.

म्हापसेकर: बिल भागवलं, पण बॅगा लॉबीत ठेवल्या, तर?

मडगावकर: खोलीची चावी परत आली असेल तर 'चेक्ड आउट'च. पुढे जोडा: 'लेफ्ट टू बॅग्ज ॲट रिसेप्शन'.