मदत हवी आहे: एमपीआयडी खटला चालू असताना ठेवीदारांनी ग्राहक आयोगात जावे का?

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो आणि वर्षभरापासून एका बुडीत पतसंस्थेच्या ४३ ठेवीदारांचे काम पाहत आहे. संचालकांवर १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली, म्हणजे एमपीआयडीखाली गुन्हा दाखल आहे. काही मिळकती कलम ४ प्रमाणे जप्त होऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जप्त मिळकती सांभाळायला शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेल्या आहेत, पण जप्ती कायम करण्याच्या अर्जावर अद्याप नुसत्या तारखाच पडत आहेत.

माझी खरी काळजी मुदतीची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षांत तक्रार करावी लागते आणि बऱ्याच पावत्यांची परतफेडीची तारीख उलटून वीस महिने झाले आहेत. सहकार कायद्यामुळे ग्राहक मंचाचा (आताच्या आयोगाचा) मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये थिरुमुरुगन या सहकारी पतसंस्थेच्या खटल्यात सांगितले आहे. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि माझ्या अशिलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. एका आजींनी रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून काढून दिलेल्या ८०,००० रुपयांच्या पावतीची घडी इतकी विरली आहे की, व्याजाचा दर भिंगाने वाचावा लागला. तिची सत्यप्रत मी त्याच दिवशी करून घेतली.

अडचण अशी की, आयोगाचा आदेश मिळाला तरी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीची कारवाई, कोणत्या मिळकतीवर चालवायची? जी आहे ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात आहे. संचालकांना व्यक्तिशः जबाबदार धरायचे, तर सहकार कायद्याच्या कलम ८८ खालील (संस्थेच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारी) चौकशी आधी पूर्ण व्हावी लागते, असा बचाव समोरून येणार हे उघड आहे. माझ्या मते तरीही तक्रार दाखल करून हक्क जिवंत ठेवावा, कारण मुदत एकदा गेली की विलंबमाफीसाठी हात जोडत बसावे लागते.

फीबद्दलही एक सांगतो. काही जण "वसूल झाल्यावर दहा टक्के घ्या" म्हणतात, परंतु वसुलीत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांनी निषिद्ध असल्याने मी ते नाकारले आहे आणि टंकलेखन व टपालाचा खर्च तेवढा घेतो.

ज्यांनी अशी प्रकरणे चालवली आहेत त्यांनी कृपया सांगावे: पावत्यांच्या तारखा आणि व्याजदर वेगवेगळे असताना कलम ३५(१)(क) खाली एकत्रित तक्रारीला आयोग परवानगी देतो का, की ४३ स्वतंत्र तक्रारी करणेच सुरक्षित आहे? आणि तक्रारीत सक्षम प्राधिकाऱ्याला पक्षकार करावे का?